ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी नेतृत्व आणि सर्जनशीलतेचं प्रशिक्षण: तारीख सर्वांत शेवटी ठरवा

हॉल मिळाला, वक्ते मिळाले, तारीख ठरली, मग कुणीतरी विचारतं, "विषय काय ठेवायचा?" ग्रंथालय कर्मचाऱ्यांची बरीच प्रशिक्षणं याच क्रमाने उभी राहतात. दोन दिवस भाषणं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, गटाचा फोटो निघतो, आणि पुढच्या सोमवारी देवघेव विभागात तीच रांग आणि तीच उत्तरं. यात सहभागींचा दोष नसतो, वक्त्यांचाही बहुधा नसतो. कामाचा क्रमच उलटा लागलेला असतो.

खालची पद्धत १२ ते १८ जणांची दोन दिवसांची कार्यशाळा आणि त्यानंतरचे आठ आठवडे धरून लिहिली आहे. ज्याच्या गळ्यात आयोजन पडलं आहे त्याच्यासाठी ती आहे, मग तो मुख्य ग्रंथपाल असो की "आता तुम्हीच बघा" असं ऐकून आलेला सहायक. तयारीला सहा आठवडे धरा. त्यातले पहिले काही आठवडे असे जातील की बाहेरच्याला वाटेल, काहीच चाललेलं नाही. वाटू द्या.

## टप्पा १: 'नाही'ची वही (सहा आठवडे आधी)

प्रशिक्षणाची गरज शोधायला लोक प्रश्नावली वाटतात. "तुम्हाला कशाचं प्रशिक्षण हवं?" याची उत्तरं ठरलेली असतात: संवादकौशल्य, नवं तंत्रज्ञान, ताणतणावाचं व्यवस्थापन. माणूस इथे आपली अडचण सांगत नाही, कुठेतरी ऐकलेल्या कोर्सचं नाव सांगतो.

त्याऐवजी देवघेव, संदर्भ, नियतकालिकं, अभ्यासिका अशा प्रत्येक टेबलावर एक साधी वही ठेवा. कामाचे सलग सहा दिवस, वाचकाला 'नाही' म्हणावं लागलं की एक ओळ लिहायची. वाचकाचं नाव लिहायचं नाही. रकाने तीनच: काय मागितलं, काय उत्तर दिलं, का. 'का'च्या रकान्यात फक्त एक खूण:

- सं: संग्रहातच नाही
- जा: संग्रहात आहे, पण जागेवर सापडलं नाही
- नि: नियमात बसत नाही
- मा: मला माहीत नाही
- अ: मला तसा अधिकार नाही

सहा दिवसांनी खुणा मोजा. 'सं' हा ग्रंथखरेदीचा प्रश्न आहे, तो बाजूला काढा. 'मा' जास्त असतील तर आधी संदर्भसेवेचं किंवा संगणक प्रणालीचं प्रशिक्षण द्या. नेतृत्वाचं नंतर पाहू. तुमचा खरा कच्चा माल 'जा', 'नि' आणि 'अ' मध्ये आहे. त्यातही 'अ' नीट वाचा. पुष्कळदा अधिकार कागदोपत्री दिलेला असतो, फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत, पुस्तक 'उपलब्ध' दिसतं, रॅकवर नाही. वही पाहिली की लक्षात येतं, अशा 'जा' खुणा दुपारनंतर वाढतात. परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर साचतात आणि संध्याकाळी एकदम लावली जातात. ग्रंथालय परिचराला हे पहिल्यापासून ठाऊक असतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि आपण होऊन सांगणं म्हणजे वरिष्ठांची चूक काढणं, असं त्याला वाटतं. त्या एका ट्रॉलीत दोन्ही विषय आले. पुस्तकं लवकर वाचकापर्यंत जातील अशी युक्ती काढणं ही सर्जनशीलता. परिचराने ते बोलून दाखवणं आणि वरच्याने ऐकून घेणं हे नेतृत्व. याहून मोठ्या व्याख्येची कार्यशाळेला गरज पडत नाही.

आता तीन-चार अडचणी निवडून प्रत्येकी एका वाक्यात लिहा: कोणाला, केव्हा, काय अडतं. वाक्यात उपाय डोकावता कामा नये. "आपल्याला ॲप हवं" हा उपाय झाला. "दुपारी येणाऱ्या वाचकाला त्याच दिवशी परत आलेलं पुस्तक मिळत नाही" ही अडचण.

तपासा: प्रत्येक अडचणीला विचारा, "नोकरीच पणाला लागली तर या माणसाला हे काम उद्या जमेल का?" उत्तर 'हो' असेल तर कौशल्य त्याच्याकडे आहेच. अडथळा नियमाचा, वेळेचा किंवा परवानगीचा आहे. तो नियम बदलून सुटेल, प्रशिक्षणाने नाही.

सावधान: वही कुणाच्या कामाच्या मूल्यमापनासाठी वापरणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. एकदा का शंका आली की दुसऱ्या दिवशी वह्या कोऱ्या राहतात.

## टप्पा २: परवानगीचं पत्र (पाच आठवडे आधी)

सगळ्यांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. सहभागी कार्यशाळेतून एक प्रयोग घेऊन परतणार आहेत. तो करायची मुभा त्यांना आधीच, लेखी हवी. मुख्य ग्रंथपालाकडून किंवा संस्थाप्रमुखाकडून एक पानाचं पत्र घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात:

1. प्रत्येक जोडीला आठवड्यातून किती तास मिळतील. चार तास मागा, दोनावर तडजोड करा. त्याखाली जाऊ नका.
2. कोणते नियम चार आठवड्यांपुरते शिथिल करता येतील: नूतनीकरणाची (घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून घेण्याची) मर्यादा, अर्जातले रकाने, मांडणीची वेळ, फलकांची जागा.
3. कशाला हात लावायचा नाही: दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती), दुर्मीळ ग्रंथ, आणि कोणत्या वाचकाने काय वाचलं याची गोपनीयता.
4. प्रयोग फसला तर कुणाला जाब विचारला जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत.

चौथ्या मुद्द्यावर सही करताना बरेच जण थबकतात. थबकू द्या, पण सही घ्या. मी घेतलेल्या एका कार्यशाळेत हे पत्र नव्हतं. लोक उत्साहाने कल्पना घेऊन गेले, परतल्यावर "बघू" ऐकलं, आणि सगळं फायलीत गेलं. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कुणीच नाव दिलं नाही, आणि मला त्यांना दोष देता आला नाही.

तपासा: पत्र मिळालं नाही तर इथेच थांबा. परवानगी नसताना सर्जनशीलता शिकवली की माणसं आधीपेक्षा जास्त खट्टू होऊन परततात.

## टप्पा ३: माणसं निवडा, जोडीने (चार आठवडे आधी)

ग्रंथालयात प्रशिक्षणाला कोण जातं? जो मोकळा असतो तो, किंवा जो नेहमी जातो तो. दोन्ही टाळा.

एका ग्रंथालयातून एकटा माणूस बोलावू नका, जोडी बोलवा. त्यातला एक रोज वाचकासमोर उभा राहणारा असावा, दुसऱ्याला निदान एखादा छोटा निर्णय घेण्याचा अधिकार असावा. एकटा परतला की त्याचा उत्साह पहिल्या चहाच्या सुट्टीत विरतो. दोघं परतले की निदान एकमेकांना आठवण करून देतात.

मात्र कार्यशाळेतल्या लेखी कामात एखादा अधिकारी आणि थेट त्याच्या हाताखालचा कर्मचारी एका गटात ठेवू नका. साहेबाच्या भुवया वर गेल्या तरी पुरतं, गट गप्प होतो.

निवड झालेल्यांना दोन पूर्वकामं द्या:

- एक तास काउंटरच्या पलीकडे, वाचकाच्या बाजूला बसा. काम करायचं नाही, फक्त जे दिसेल ते लिहायचं.
- तालिकेतून कोणतंही एक पुस्तक निवडा आणि वाचकासारखं शोधा. कर्मचाऱ्यांच्या वाटा, आतली माहिती, ओळखीचा रॅक यांतलं काही वापरायचं नाही. घड्याळ लावा आणि कुठे अडलात ते टिपा.

दुसरं काम फारच उपयोगी पडतं. वर्षानुवर्षं त्याच इमारतीत वावरणाऱ्याला वर्गांकाच्या (विषयानुसार दिलेल्या क्रमांकाच्या) पाट्या दिसेनाशा झालेल्या असतात, कारण त्याला त्यांची गरजच नसते.

सावधान: हे लोक दोन दिवस नसताना काउंटर कोण सांभाळणार, त्याचा ड्यूटी चार्ट आत्ताच करा. तो केला नाही की पहिल्या दुपारी फोन सुरू होतात आणि खुर्च्या रिकाम्या होतात.

## टप्पा ४: प्रशिक्षक आणि तारीख (तीन आठवडे आधी)

आता तारीख ठरवा. वार्षिक ग्रंथपडताळणी आणि परीक्षांचा काळ सोडून.

प्रशिक्षकाला वह्यांचा गोषवारा पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: "या अडचणींवर सहभागी स्वतः किती वेळ काम करतील?" उत्तर निम्म्या वेळेपेक्षा कमी आलं तर दुसरा माणूस शोधा. त्याला ग्रंथालयशास्त्राची पदवी असायलाच हवी असं नाही. वह्या वाचून आलेला बाहेरचा माणूस न वाचलेल्या तज्ज्ञापेक्षा बरा.

## टप्पा ५: पहिला दिवस, कल्पना

नेतृत्व आधी की सर्जनशीलता आधी, यावर मतं वेगळी आहेत. मी सर्जनशीलता आधी ठेवतो. हातात करण्यासारखं काही नसताना नेतृत्वावर बोललं की त्याचं प्रवचन होतं.

१. वह्या वाचणं (४५ मिनिटं). प्रत्येक गटाला खऱ्या नोंदी द्या. पूर्वकामातली टिपणंही इथेच वाचायची. उपाय कुणी बोललाच तर तो कागदावर लिहून पालथा ठेवायचा.

२. प्रश्न घडवणं (४५ मिनिटं). अडचणीचं वाक्य "कसं करता येईल?" या रूपात पाच-सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहा. "परत आलेली पुस्तकं लवकर कशी लावता येतील?" आणि "पुस्तक रॅकवर लावण्याआधीच वाचकाला कसं मिळेल?" हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यातून 'आज परत आलेली पुस्तकं' असा उघडा रॅक सुचतो, पहिल्यातून फक्त जास्त मनुष्यबळाची मागणी.

३. कल्पना लिहून काढणं (३० मिनिटं). तोंडी विचारमंथन टाळा. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांच्या प्रयोगात, एकेकट्याने विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना एकत्र बसून बोलणाऱ्या गटाच्या कल्पनांपेक्षा जास्त भरल्या. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये त्याचं एक मोठं कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीचे थांबून राहतात, आणि थांबण्यात सुचलेलं हरवतं. ग्रंथालयात यात पदांची उतरंडही मिसळते. मुख्य ग्रंथपाल पहिलं वाक्य बोलले की इतरांच्या कल्पना त्याच वाक्याच्या आसपास घुटमळतात.

म्हणून ६-३-५ पद्धत वापरा. सहा जण गोल बसतात, प्रत्येकाकडे एक कागद. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद उजवीकडे द्यायचा. पुढचा माणूस आधीच्या कल्पना वाचून त्यांत भर घालतो किंवा नव्या लिहितो. सहा फेऱ्या, अर्धा तास, जास्तीत जास्त १०८ कल्पना. बोलायचं नाही. चौथ्या फेरीला लोक वैतागतात, "आता काही सुचत नाही" म्हणतात. फेरी थांबवू नका. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांना आधीच माहीत असलेलं बाहेर पडतं. वेगळं काही यायचं तर त्यानंतर येतं.

अडलेल्या गटाला एकच चिमटा द्या: "यातलं काय काढून टाकता येईल?" ग्रंथालयांना भर घालायची सवय असते. नवी नोंदवही, नवा शिक्का, नवी पाटी. वजाबाकीकडे सहसा कुणी जात नाही.

४. मोठी सुट्टी. कल्पना काढणं आणि निवडणं यांच्यामध्ये खरोखर अंतर ठेवा. दोन्ही एकत्र केलं की पहिल्या "हे चालणार नाही"बरोबर पेनं खाली ठेवली जातात.

५. चाळणी (एक तास). इथे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे १९३१ सालचे पाच सिद्धांत कामाला लावा. परीक्षेसाठी सगळ्यांनी ते पाठ केलेले असतात, चाळणी म्हणून वापरलेले क्वचित. प्रत्येक निवडक कल्पनेला पाच प्रश्न: पुस्तकांचा वापर वाढेल का? वाचकाला त्याचं पुस्तक मिळेल का? पडून राहिलेल्या पुस्तकाला वाचक मिळेल का? वाचकाचा वेळ वाचेल का? ग्रंथालय वाढलं तर ही युक्ती टिकेल का? चौथ्या प्रश्नावर बऱ्याच गोंडस कल्पना गळतात. त्यांनी कर्मचाऱ्यांचा वेळ वाचतो, वाचकाचा नाही.

तपासा: दिवसअखेर प्रत्येक जोडीकडे एकच कल्पना उरली पाहिजे, आणि ती परवानगीच्या पत्रात बसली पाहिजे. दोन उरल्या असतील तर जी लवकर सुरू करता येईल ती ठेवा.

## टप्पा ६: दुसरा दिवस, नेतृत्व

इथे नेतृत्व म्हणजे तीन संभाषणं. तिन्ही तिघांच्या गटात करून पाहायची: एक बोलणारा, एक समोरचा, एक फक्त टिपणारा. दर दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या.

वरिष्ठांशी. तीन मिनिटांत प्रस्ताव मांडायचा. नेहमीचा नमुना असा: "मॅडम, आपल्याकडे काहीतरी नवीन करायला हवं असं वाटतं." यावर मॅडम फक्त "हो, करू या" म्हणू शकतात. त्याऐवजी हे बोलून पाहा (आकडे उदाहरणादाखल):

"मॅडम, मागच्या आठवड्यात ४१ वेळा पुस्तक तालिकेत दिसलं आणि रॅकवर मिळालं नाही. चार आठवडे आम्ही रोज दुपारी एक वाजता ट्रॉली रिकामी करून बघतो. अर्धा तास लागेल, तो आमच्या दोघांच्या ठरलेल्या तासांतून जाईल. फरक पडला नाही तर पाचव्या आठवड्यात पहिल्यासारखं."

अडचणीचा आकडा, मुदत, वेळ कुठून येणार, आणि परतीची वाट. चारही हवेत.

सहकाऱ्याशी. "हे आम्ही पूर्वी करून पाहिलंय" हे वाक्य येणारच. त्यावर वाद घालायचा नाही. विचारायचं, "तेव्हा आडवं काय आलं होतं?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचं. विरोध करणाऱ्याला बरेचदा असं काही माहीत असतं जे कुठेच लिहिलेलं नाही. टिपणाऱ्याने इथे एकच गोष्ट मोजायची: बोलणाऱ्याने किती वेळा मध्येच तोडलं.

काम सोपवताना. हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापन अभ्यासकांनी १९६९ मध्ये मांडलेली एक साधी गोष्ट इथे पुरते: सूचना किती द्यायच्या हे समोरच्याच्या तयारीवर ठरवा. ग्रंथालयात याच्या नेमकं उलट घडताना दिसतं. वीस वर्षं काम केलेल्या तालिकाकाराला बारीकसारीक सूचना मिळतात आणि नव्या मुलीला "शिकशील हळूहळू". नव्याला पायऱ्या सांगा, करून दाखवा, त्याच दिवशी तपासा. जुन्याला फक्त काय साधायचं ते सांगा आणि कसं करणार ते त्याच्याकडून ऐका.

दुपारी, प्रयोगाचं कार्ड (प्रयोगाचा तपशील लिहायचा छोटा कागद) भरण्याआधी, दहा मिनिटांचा एक व्यायाम. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ च्या एका लेखात मांडलेली ही पद्धत आहे. डोळ्यांसमोर आणा: चार आठवडे झाले, प्रयोग साफ फसला. आता प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, का फसला. "काय अडचणी येतील?" असं विचारलं की लोक सौजन्याने "तशा काही नाहीत" म्हणतात, फसलाच आहे असं धरलं की भराभर लिहितात. "एक वाजता आमची जेवणाची सुट्टी असते" हे असं बाहेर येतं. मग ट्रॉलीची वेळ बदला.

आता कार्ड. पोस्टकार्डाएवढं, सहा ओळींचं: काय करणार, कुठे, कोणत्या तारखेपासून, कोण, आधीचा आकडा किती, कधी थांबणार.

सावधान: "वाचकांना प्रोत्साहन देणे", "सेवा सुधारणे" असं काही कार्डावर असेल तर परत करा. करताना कॅमेऱ्यात टिपता येईल अशीच कृती लिहायची.

## टप्पा ७: पुढचे आठ आठवडे

- पहिले सात दिवस: प्रयोग सुरू झालाच पाहिजे, अर्धाकच्चा असला तरी. "पुढच्या महिन्यापासून" म्हणणारी जोडी बहुधा सुरूच करत नाही.
- दुसरा आठवडा: प्रत्येक जोडीला पंधरा मिनिटांचा फोन. विचारायचं ते एवढंच: काय केलं, काय अडलं, पुढचं पाऊल कोणतं.
- चौथा आठवडा: आकडा मोजायचा. ठरलेल्या तारखेला थांबायचं किंवा लेखी मुदतवाढ घ्यायची.
- आठवा आठवडा: अर्ध्या दिवसाची बैठक. फसलेले प्रयोग आधी ऐका, जमलेले नंतर. उलट केलं की फसलेले येतच नाहीत.

व्हॉट्सॲपचा गट म्हणजे पाठपुरावा, असं समजू नका. तिसऱ्या दिवशी तिथे सुप्रभात सुरू होतं.

## टप्पा ८: मोजणी

शेवटच्या तासाला वाटलेला अभिप्रायाचा कागद फक्त लोक खूश झाले का ते सांगतो. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अभ्यासक कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल, परिणाम. अभिप्रायाचा कागद पहिल्या पायरीवरच राहतो. तिसऱ्या पायरीसाठी प्रयोगाची कार्डं पाहा, किती सुरू झाले आणि किती पूर्ण झाले. चौथ्यासाठी 'नाही'ची वही पुन्हा सहा दिवस ठेवा.

तुलना मात्र सारख्या दिवसांशी करा. परीक्षेच्या तोंडावरचा आठवडा आणि सुट्टीतला आठवडा शेजारी ठेवून "खुणा निम्म्यावर आल्या" असं लिहिणं ही स्वतःचीच फसवणूक. खुणांची बेरीज तशीच राहिली तरी त्यांची जात पाहा: 'अ' घटून 'सं' वाढले असतील तर कर्मचारी आपल्या हातातलं करू लागले आहेत, आता प्रश्न खरेदीचा आहे.

तपासा: वागणूक बदलली नसेल तर आधी परवानगीचं पत्र काढा आणि कबूल केलेले तास खरंच मिळाले का ते विचारा. तास मिळाले नसतील तर पुन्हा प्रशिक्षण घेऊन उपयोग नाही.

## दोन दिवस मिळतच नसतील तर

अर्धा दिवस मिळाला तरी वही, लेखी कल्पना आणि कार्ड या तीन गोष्टी ठेवा. उद्घाटन, परिचय आणि व्याख्यान काढा. वरिष्ठांशी बोलण्याचा सराव जोडीने फोनवरही होतो.

आणि एकाच माणसाच्या ग्रंथालयासाठी: जोडी दुसऱ्या एकट्या ग्रंथपालाशी लावा. दोघांनी आपापल्या वह्या एकमेकांना पाठवायच्या आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बोलायचं. दोघांचं काम वेगळं असलं तरी अडत नाही. स्वतःच्या वहीतल्या ज्या 'नाही'ची आपल्याला सवय झालेली असते, तिच्यावर समोरचा हमखास बोट ठेवतो.